शोकसभेचा वक्ता

त्या दिवशी तुम्ही कुठे होता, हा प्रश्न लोकांना फार आवडतो. अमरावतीत आमची सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्तांची एक टोळी आहे, पाच जणांची. चार फेऱ्या मारायचं ठरलेलं असतं, दोन झाल्या की आम्ही बाकावर बसतो. त्या नेत्याच्या खुनाचा दिवस जवळ आला की हा प्रश्न हमखास निघतो. एक जण दातांच्या डॉक्टरकडे तोंड वासून पडला होता आणि डॉक्टरनेच त्याला बातमी सांगितली. दुसरा बडनेऱ्याच्या फलाटावर चहा पीत होता, बातमी ऐकून त्याच्या हातातला कप पडला. पहिली काही वर्षं तो कप नुसता हिंदकळायचा, अलीकडे फुटायला लागला आहे. मला या सगळ्याचा राग येतो. एक माणूस जिवानिशी गेला आणि आपण आपल्या कपाचं कौतुक सांगत बसतो. माझी पाळी आली की मात्र मला तोंड उघडावं लागत नाही. बाकीचेच सांगतात, "तुमाले काय इचारायचं सर, तुमी तं माईकवर होते! काय भाषण झालं होतं बापा!"

मी हसतो आणि तिसरी फेरी मारायला उठतो.

त्या नेत्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की वाचणारा आधी बाजू घेतो आणि मग वाचतो, आणि मला त्यांच्याविषयी काहीच सांगायचं नाही. ते मोठे होते. दूरच्या शहरात, भर सकाळी, सभेला निघालेले असताना त्यांना गोळ्या घालून मारलं. मला ते फारसे आवडत नसत. मला सांगायचं आहे ते माझ्या भावाविषयी.

पण त्याआधी माझा धंदा सांगायला हवा. पोटापाण्यासाठी मी कॉलेजात मराठी शिकवलं, पण गावात माझी ओळख शोकसभेचा वक्ता अशी होती. आमच्याकडे वऱ्हाडात मोक्षधामातही सभा होते. अग्नी दिला की लोक लगेच घरी जात नाहीत. चिता नीट पेट घेईपर्यंत सगळे शेडमधल्या सिमेंटच्या बाकांवर बसतात, कोणीतरी खांद्याला भोंगा अडकवून उभा राहतो आणि एकेकाचं नाव पुकारतो. मग भाषणं. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने हे पाहून मला हळूच विचारलं होतं, इथे आभारप्रदर्शनही असतं का. मी म्हटलं, नाही, शेवटी दोन मिनिटं उभं राहायचं असतं. त्याला हसू आवरेना. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, कारण त्या दिवशीही मुख्य भाषण माझंच होतं.

मला ते चांगलं जमायचं. मेलेल्या माणसाची एक बारीकशी गोष्ट शोधायची, त्याच्या सायकलची, त्याच्या डब्याची, ती शेवटी सांगायची आणि थांबायचं. मधल्या जागेत कधीही भरून न निघणारी पोकळी वगैरे घालायचं. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. लोक परत जाताना माझा हात हातात घेऊन दाबायचे. कोणी वारलं की घरच्यांचा तिसरा चौथा फोन मला यायचा. खोटं कशाला सांगू, तो फोन आला नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

माझा भाऊ अकोल्याला होता. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आम्ही मूळचे हिवरखेडचे. वडील गेले तेव्हा दादा नववीत होता. त्याने शाळा सोडली, आधी अकोटला एका जिनिंगमध्ये मशीनवर लागला, मग अकोल्यात पातूर रोडला त्याने स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. मला त्याने अमरावतीला कॉलेजात घातलं. मी एम. ए. झालो तेव्हा तो ग्रीसने माखलेल्या हातांनी माझी मार्कशीट धरायला तयार नव्हता. म्हणाला, "तूच वाच. मले आयकाले चांगलं वाटते."

त्याने मला एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही मी लहान असताना. माझ्याशी खोटं बोलू नको. बाकी काय वाट्टेल ते कर. मी ते पाळलं, जरा जास्तच पाळलं. मोठा झाल्यावर मला त्यात एक मजा वाटायला लागली. दादाने नवं जाकीट घेतलं की मी सांगायचो, तुला शोभत नाही. त्याने घराला रंग दिला की सांगायचो, भडक झाला. वहिनी चिडायची. दादा म्हणायचा, "राहू दे. बाकी सारे माह्या तोंडावर गोड बोलते. हा एकटा खरं सांगते."

त्या नेत्यावर दादाचा फार जीव. त्याला कारण होतं. एकदा पातूरच्या पुढे त्या नेत्याची गाडी बंद पडली. तेव्हा ते एवढे मोठे झाले नव्हते. कोणीतरी दादाला मोटारसायकलवर तिथे नेऊन सोडलं आणि परत गेलं. दादाने तासभर खाली झोपून गाडी चालू करून दिली. दुपारची वेळ होती. दादाने आपला डबा सोडला आणि सहज म्हणून विचारलं, तर ते खरोखरच त्याच्याजवळ दगडावर बसले आणि त्याच्या डब्यातली ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ला. जाताना म्हणाले, वहिनींना सांगा, ठेच्यात लसूण बरोबर पडला होता. एवढीच गोष्ट. दादाने ती पुढे वीस वर्षं सांगितली. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, प्रत्येक पाहुण्याला. सांगताना तो हात पुसून घ्यायचा.

माझ्या पुतण्याच्या साखरपुड्याला, पंगत उठल्यावर, मुलीकडच्या माणसांसमोर दादाने ती गोष्ट काढली. मी शेजारी बसलो होतो. मी म्हटलं, "दादा, अशा शंभर जणांच्या भाकरी खाल्ल्याशिवाय कोणी पुढारी होत नाही. त्यांना तुझं तोंडही आठवत नसेल." सगळे हसले. मुलीचे वडीलही हसले. दादाही हसला, पण त्याने गोष्ट तिथेच सोडली आणि पान आणायला उठून गेला. त्यानंतर मी ती त्याच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही. मला वाटलं, बरं झालं, एकदाचं खूळ गेलं. आपण एका साध्या माणसाचा भाबडेपणा दूर केला, असंही वाटलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

ज्या आठवड्यात त्या नेत्याला मारलं, त्याच आठवड्यात सोमवारी दादाला हृदयविकाराचा झटका आला होता. अकोल्यातल्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. मी मंगळवारी जाऊन आलो. तो बरा दिसत होता, डॉक्टरही तसंच म्हणाले. मी म्हटलं, रविवारी पुन्हा येतो.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला टीव्हीवर ती बातमी आली आणि पाचच मिनिटांत वहिनीचा फोन. तेव्हा बटणांचे मोबाइल होते. ती दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून बोलत होती, मागे लोकांचा आवाज होता.

"भाऊजी, तुमी आयकलं नं?"

"ऐकलं."

"त्यायले सांगतलं नाही आमी. डॉक्टर म्हणते, आता काई धक्का नोको. पण बाहेर सारे बोलून राहिले, त्यायले शंका आली. मले इचारते, काय झालं. म्या म्हटलं, काई नाही. ते म्हणे, तुह्या तोंडावर दिसते. लायन्याले बोलाव, तो मले खरं सांगन." लायन्या म्हणजे मी, धाकटा. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुमी या. आन् त्यायले सांगा, काई झालं नाही. अफवा हाये म्हणा. तुमचंच पटन त्यायले."

अकराच्या गाडीने येतो म्हणालो. एक शर्ट पिशवीत टाकला आणि बसस्टँडवर गेलो. अकरा वाजताची अकोला गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. गाडीत सगळे त्याच विषयावर बोलत होते, पण मी ऐकत नव्हतो. मी सराव करत होतो. दादाच्या खाटेजवळ बसायचं, हसायचं, म्हणायचं, काही नाही रे, अफवा आहे, मी आत्ताच टीव्ही पाहून आलो. मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा मला आवाज नीट लागला नाही. आयुष्यभर ज्याला तोंडावर खरं सांगितलं, त्याच्याशी नेमकं आजच खोटं बोलायचं. आणि उद्या तो बरा होऊन घरी आला आणि त्याला कळलं म्हणजे? मग तो माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवील का? असे मोठे मोठे प्रश्न मी स्वतःला घातले. माणसाला एखादी गोष्ट करायची नसली की त्याला तत्त्वं फार सुचतात.

गाडी सुटायला दोन तीन मिनिटं होती तेव्हा प्राचार्यांचा फोन आला. एक वाजता सभागृहात शोकसभा आहे, गावातली सगळी मंडळी येणार आहेत, वर्तमानपत्रवालेही. "सर, बोलायचं तुम्हालाच. तुमच्याशिवाय कोण?"

मी सांगू शकलो असतो की भाऊ दवाखान्यात आहे. मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "बघतो." त्यांनी ते होकार समजून फोन ठेवला. कंडक्टर दार लावायला आला. मी पिशवी उचलली आणि खाली उतरलो.

गेली कित्येक वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की गाड्या बंद झाल्या होत्या. ते अर्धं खरं आहे. गाड्या बंद झाल्या, पण तीन वाजल्यानंतर, राजकमल चौकात दगडफेक झाल्यावर. अकराची गाडी वेळेवर गेली आणि दीडच्या सुमाराला अकोल्याला पोचली. मी नंतर चौकशी केली आहे. ती चौकशी मी का केली, मलाच माहीत नाही. तिने काही बदलणार नव्हतं.

वहिनीला मी फोन केला आणि म्हटलं, इथे कॉलेजात अडकलोय, दुपारच्या गाडीने येतो. ती म्हणाली, "बरं. पण या नक्की. ते दाराकडे पाहून राहिले." त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही.

सभागृह भरलं होतं. सहाशे तरी माणसं असतील, मागे उभी असलेली वेगळी. मंचावर हार घातलेला फोटो. चार पाच जण माझ्याआधी बोलले आणि सगळ्यांनी ती पोकळी एकदा तरी काढली. मी शेवटचा. उठताना माझ्याजवळ काहीच नव्हतं. ज्या माणसाला मी कधी भेटलो नव्हतो, ज्याच्याविषयी मी वर्गात टिंगलीने बोलत असे, त्याची बारीकशी गोष्ट मी कुठून आणणार?

आणि मग ती आली. मी पातूरचा रस्ता सांगितला. बंद पडलेली गाडी सांगितली. एक गॅरेजवाला सांगितला, त्याचा डबा, ज्वारीची भाकर, ठेचा. दगडावर बसलेला तो मोठा माणूस सांगितला. लसणाचं सांगितलं. सभागृहात कोणी खोकतही नव्हतं. आणि मला कळलं की अजून थोडंसं हवं आहे, गोष्ट अजून माझी झालेली नाही. तेव्हा मी म्हणालो, "हे मी ऐकलेलं सांगत नाही. मी तिथे उभा होतो. त्यांच्या हातातली ती भाकर मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे."

एवढं म्हणून मी थांबलो. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी चष्मा काढला. मुली रडत होत्या. मीही रडलो, आणि ते रडणं खरं होतं, हे मला सर्वांत जास्त लागतं. कशासाठी रडलो ते सांगता येत नाही, पण दादासाठी नव्हे. त्या अर्ध्या तासात दादा मला एकदाही आठवला नाही. त्याचीच गोष्ट सांगत असूनही आठवला नाही.

सभा संपल्यावर लोकांनी मला घेरलं. हात दाबले. एका वर्तमानपत्रवाल्याने तो प्रसंग पुन्हा एकदा नीट सांगायला लावला आणि मी सांगितला. मोबाइल मी माईकवर जायच्या आधी बंद केला होता. चालू केला तेव्हा तीन वाजून गेले होते. लगेच पुतण्याचा फोन आला. तो म्हणाला, "काका, बाबा गेले. अडीच वाजता."

तोवर बाहेर दुकानांची शटरं पडायला लागली होती. स्टँडवर गेलो तर सगळ्या गाड्या आत लावून फाटक बंद केलेलं. खाजगी गाडीवाला कोणी बडनेऱ्याच्या पुढे यायला तयार नव्हता. घरी येऊन मी पायऱ्यांवर बसून राहिलो. बायको म्हणाली, "तुम्ही सकाळी गेला होता ना? मग इथे कसे?" मी तिला सांगितलं, गाडी मिळाली नाही. गाडीचं हे खोटं मी तेव्हा पहिल्यांदा बोललो. पुढे तेच सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे एका दुधाच्या गाडीतून मूर्तिजापूरपर्यंत आणि तिथून एका ओळखीच्याच्या मोटारसायकलवर अकोल्याला पोचलो. दादाला अंगणात ठेवलं होतं. माझ्यासाठी थांबले होते. त्याच्या नखांत अजून काळं ग्रीस होतं. दवाखान्यात चार दिवस कोणी ना कोणी ते धुतलं असेल, पण ते पूर्ण कधी निघतच नसे. मी पायांवर डोकं ठेवलं. वहिनी उशाशी बसली होती. कोणीतरी म्हणालं, झोपेतच गेले, त्रास झाला नाही, आणि तिने मान हलवली.

मोक्षधामात अग्नी दिला. लोक बाकांवर बसले. गॅरेज लाइनीतले मेकॅनिक, पेट्रोल पंपावरची पोरं, गावाकडची माणसं. भोंगा एका फिटरच्या खांद्याला होता. दोघं तिघं बोलले, अडखळत, छान बोलले. एक जण म्हणाला, "भाऊ उधारीवर पण नट घट्टच बसवत," आणि खाली बसून ढसाढसा रडला. मग त्या फिटरने माझं नाव पुकारलं आणि म्हणाला, आता भाऊंचे लहान बंधू, मोठे वक्ते, बोलतील.

मी उभा राहिलो. भोंगा हातात घेतला. माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर पुतण्या बसला होता, मुंडन केलेला, अंगावर ओलं पांढरं. त्याच्या शेजारच्या माणसाच्या हातात त्या दिवशीचा पेपर होता, घडी केलेला. वर माझा फोटो दिसत होता.

दादा स्वतः सांगायचा ती गोष्ट एकच होती आणि ती मी काल वापरून टाकली होती. पेपरात छापून आली होती, माझ्या नावाने. दुसरी एखादी शोधावी म्हटलं तर कितीतरी होत्या. मार्कशीट होती, नववीत सुटलेली शाळा होती. एकही तोंडाशी आली नाही. माझ्या तोंडातून काय निघालं? "त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे." मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग अजून दोन अशीच वाक्यं, आणि मी खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने गळा भरून आला. एक दोघांनी पाठीवरून हात फिरवला.

परत निघताना पुतण्या माझ्याजवळ आला. तो आवाज चढवून बोलला नाही. त्याने पेपर माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "काका, तुमी होते काय तिथी? भाकर खाल्ली तवा?"

मी पेपर हातात घेतला आणि घडी घालून त्याला परत दिला.

"बाबा तं म्हणत होते का तिथी कोणीच नोयतं," तो म्हणाला. "म्हणून कोणी खरं मानत नाही, असं म्हणत होते."

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याच्या मुलीच्या बारशाला मला बोलावलं होतं, पण फोन त्याच्या बायकोने केला. मी त्याला दोष देत नाही. मला कोणी चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण आमच्याकडची माणसं एरवी तोंडाची एवढी फटकळ, नेमकी इथेच गप्प राहिली.

त्या दिवसानंतर मी एकाही शोकसभेत बोललो नाही. घसा खराब आहे म्हणून सांगतो. लोकांनी आधी आग्रह केला, मग दुसरा माणूस शोधला. तो नवा वक्ता बरा आहे. पोकळी त्याच्याही भाषणात असते. मला कधी कधी वाटतं, मी मेल्यावर मोक्षधामात कोणाला काही बोलू देऊ नये, लोकांनी नुसतं बसावं आणि उठून जावं. पण बायकोला सांगून ठेवायचा धीर होत नाही, कारण मग का ते सांगावं लागेल.

मी स्वतःची एक समजूत मात्र घालून घेतली होती आणि इतकी वर्षं तिच्यावर तग धरला होता. ती अशी: मी गेलो असतो तर मला खोटं बोलावं लागलं असतं. दादाला ते आवडलं नसतं. त्याने माझ्याकडून आयुष्यभर एकच मागितलं, आणि निदान ते तरी मी शेवटपर्यंत मोडलं नाही. गेलो नाही हे वाईट, पण त्याच्याशी खोटं बोललो नाही. दगडासारखी ही एक गोष्ट माझ्या पायाखाली होती.

मागच्या वर्षी वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पुतण्याला कामासाठी बाहेरगावी जायचं होतं, म्हणून दोन दिवस मी अकोल्याला जाऊन राहिलो. दर दोन तासांनी तिच्या डोळ्यात थेंब टाकायचे. दुपारी ती डोळे मिटून पडली होती, थेंब टाकून मी बाटलीचं झाकण लावत होतो. ती एकदम म्हणाली,

"भाऊजी, त्यायले मालूम होतं."

मी विचारलं, काय.

"त्या दिवशीचं. बाजूच्या खाटेवरच्याले भेटाले माणसं आली, ते बोलले मोठ्यानं. बारा वाजले असन. म्या पाह्यलं, त्यायच्या डोयातून पाणी येऊन राह्यलं होतं. म्या घाबरली. म्हटलं, डॉक्टरले बोलावतो. तं म्हणे, नोको. म्हणे, मले मालूम हाये तू लायन्याले काय सांगतलं असन तं. खोटं बोलाले लावलं असन तू त्याले."

मी उभाच होतो. ती डोळे मिटूनच बोलत होती, तिला माझं तोंड दिसत नव्हतं.

"म्या म्हटलं, मंग फोन करून सांगतो त्यायले का तुमाले समजलं. तं म्हणे, नोको सांगू. येऊ दे त्याले. मले पाहाचं हाये. जलमभर त्यानं माह्या तोंडावर खरंच सांगतलं. आज जर तो खोटं बोलला, तं मी समजीन का त्याचा जीव हाये माह्यावर." तिने पांघरूण वर ओढलं. "हसले बी, असं सांगतांना. तुमी कालेजात अडकले हे म्या सांगतलं नाही त्यायले. मंग दोन वाजतापासून इचारत होते, अकराची गाडी आली असन नं आतापर्यंत. झोपेत नाही गेले ते. दाराकडे पाहूनच होते."

मी विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलं.

"तुमाले तरास झाला असता नं," ती म्हणाली. "आताही सांगाचं नोयतं. डोये मिटून पडलं का मनातलं बाहेर येते." मग तिने विचारलं, दुसरा थेंब टाकला का.

मी दुसरा थेंब टाकला. तो गालावर पडला. पुन्हा टाकला. बाहेर, घराला लागूनच असलेल्या दादाच्या गॅरेजच्या ओट्यावर जाऊन बसलो, तिथे आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे.

दादाला माझ्याकडून खरं नको होतं. ते त्याला आयुष्यभर पोटभर मिळालं होतं. त्याला एकदा, फक्त एकदा, मी त्याच्यासाठी खोटं बोललेलं ऐकायचं होतं. आणि ज्या वेळी तो दाराकडे पाहत होता, त्या वेळी मी सहाशे परक्या माणसांशी खोटं बोलत होतो, आणि माझा आवाज एकदाही अडखळला नाही.